दारातला माठ

ही गोष्ट खरी आहे. जिच्या घरात घडली ती माझी सख्खी मावशी, प्रभावती. मावशीला खोटं बोलता येत नाही. पत्ते खेळताना तिच्या तोंडाकडे पाहूनच आम्ही तिच्या हातातली पानं ओळखायचो. त्यामुळे तिनं सांगितलेलं मी जसंच्या तसं सांगतो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

एक मात्र आधीच सांगतो. भूत म्हटलं की अमावस्या, पिंपळ, रडणारी कुत्री... असलं इथं काही सापडणार नाही.

हे सगळं भर दुपारी घडलं.

साल एकोणऐंशी. मे महिना. दापोडीतली रेल्वेलाइनीकडची गल्ली. पहिल्या शिफ्टची माणसं कंपनीत, दुसऱ्या शिफ्टची जेवून आडवी झालेली. नळाचं पाणी सकाळीच गेलेलं. पत्रे तापून तडतडायचे आणि गल्लीत चिटपाखरू नसायचं. ज्यानं अशी दुपार काढली आहे त्याला विचारा, रात्र परवडली.

आणि हे घर भुतंखेतं मानणाऱ्यांचं नव्हतं. मावशीच्या सासूबाई, गिरजाबाई, यांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडून आल्या. अंगात येणं, उतारा, नारळ, सगळं त्या दिवसापासून बंद. "मेल्यावर माझं काही करू नका," असं त्या बजावून गेल्या होत्या. कोणी काही केलंही नाही.

त्यांची एकच गोष्ट मागं राहिली. दारातला माठ.

तिवईवर ठेवलेला लाल माठ, वर ओलं फडकं आणि पाणी काढायला लांब दांड्याचं पितळी ओगराळं. येणारा-जाणारा कोणीही असो, टपालवाला, भंगारवाला, दारुडा, गिरजाबाई स्वतः उठून पाणी द्यायच्या. एक पाय ओढत चालायच्या. खर्र... टप. खर्र... टप. गल्लीला तो आवाज पाठ होता. "पाण्याला न्हाई म्हणायचं न्हाई," एवढाच त्यांचा धर्म. थंडीत त्या गेल्या. मावशी माठ भरत राहिली.

त्याच थंडीत काकांची तब्येत बिघडली.

भीमराजकाका पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. पस्तिशीचा गडी, हाडापेरानं मजबूत. आधी सकाळी डोळ्यांखाली सूज यायची. मग बूट पायात जाईनात. मग अन्नाचा वास आला तरी उलटी. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. आता रक्त मशीननं धुवायचं, आणि जमलं तर कोणाची तरी किडनी बसवायची.

काकांचे थोरले भाऊ, कोंडीरामदादा, गावाहून आले. तपासणी झाली आणि त्यांची किडनी जुळली. जून संपताना मुंबईला ऑपरेशन ठरलं. म्हणजे काकांना तोवर जगवायचं होतं. मावशीपुढं काम एवढंच होतं.

ते मशीन म्हणजे स्टीलचा मोठा टब. त्यात पाणी, पाण्यात मीठ, साखर आणि आणखी काय काय कालवलेलं. पाण्यात पारदर्शक कागदाच्या पातळ नळीचं वेटोळं बुडवलेलं आणि त्या नळीतून माणसाचं रक्त फिरत राहायचं. मावशीनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भिंतीला धरून खालीच बसली.

मशीन चालवणारे हिंदुराव मोठे बोलघेवडे. "वहिनी, घाबरू नका. पेल्यात शाईचा थेंब टाकला की तो आपोआप पसरतो की नाही? तशीच रक्तातली घाण या कागदातून झिरपून टबात जाते. रक्त जाड, ते आतच राहतं."

"आणि अंगातली सूज?"

"कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवता, मग काय होतं?"

"पाणी सुटतं."

"तेच. टबातलं पाणी अंगातलं पाणी ओढून घेतं. पण या मशीनला काही पोट नाही, थोडंच ओढतं. बाकीचं तुमच्या हातात. दिवसाला दोन पेले पाणी, औषधाचं धरून. वर थेंब नको. जास्त झालं तर ते लघवीवाटे जाणार नाही, फुप्फुसात साठेल. माणूस कोरड्या खाटेवर बुडून मरतो, वहिनी. मी पाहिलंय."



काकांच्या मनगटाजवळ दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या, मशीनची सुई टोचायला. तिथं कान लावला की आतून आवाज यायचा. घूं... घूं... घूं... मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. तो आवाज चालू हवा, थांबला तर धावत या, असं सांगितलेलं. मावशी दिवसातून कितीदा तरी त्यांच्या मनगटाला कान लावायची. लाजेनं आधी दार लोटून घ्यायची.

आणि पाण्याच्या बाबतीत ती जमादार झाली. लिंबाची फोड चाटायला द्यायची. ओल्या कापसानं ओठ पुसायची. काका तिच्याकडे बघायचे ते बघवायचं नाही. पण ऐकायचे. ऑपरेशन व्हावं असं त्यांनाही वाटत होतं.

मग एके दिवशी मशीनआधी वजन केलं आणि हिंदुरावांनी काट्याकडं पाहून भुवया वर केल्या.

"भाऊ, पाणी प्यालात."

"नाही."

"काटा खोटं बोलतो का?"

पुढच्या वेळी वजन त्याहून जास्त भरलं. त्याच्या पुढच्या वेळी हिंदुराव मावशीलाच बोलले. "माया आवरा, वहिनी. माया करून माणूस मारताय."

मावशी घरी येऊन काकांवर फणफणली. ज्याच्यासाठी जिवाचं रान करावं त्यानंच असं करावं?  काका खाली मान घालून म्हणाले, "प्रभा, मी उठून कधी प्यालो नाही. पण दुपारी डोळा लागतो ना..."

"मग?"

"तहान असते. जीव जाईल अशी. आणि जाग येते तेव्हा..."

"काय?"

"तहान नसते."

मावशीनं कपाळावर हात मारला. झोपेत उठून दारातल्या माठाचं पाणी पितात, दुसरं काय. तिनं त्याच संध्याकाळी माठ, तिवई, ओगराळं, सगळं उचलून शेजारच्या गोजाबाईंकडे नेलं. गोजाबाई जुन्या दापोडीतल्या, शेतीवाल्या घरातल्या, तोंडानं फाटक्या पण मनानं चांगल्या. मावशी स्वतः पाणी प्यायलासुद्धा त्यांच्याकडं जायची. काकांचे दोन पेलेही तिथूनच यायचे. घरात थेंब ठेवला नाही. हंडे, कळशा, तांब्ये, सगळे पालथे.

दोन-तीन दिवस गेले. गोजाबाई दळण घेऊन जाता जाता दारात थांबल्या.

"प्रभे, माठ परत आणला व्हय गं?"

"नाही. तुमच्याकडंच आहे की."

"मग आत्ता दुपारच्याला तुझ्या दारात ओगराळं कोन वाजवतंय? मी पडल्या पडल्या ऐकते."

मावशी हसली. हसली खरी... पण दुसऱ्या दिवशी ती दुपारी पाठ टेकायला गेली नाही. काकांच्या खाटेशी बसून राहिली.

ऊन दारात आलं. एक मालगाडी गेली. मग तिचाही आवाज विरला.

काकांचा डोळा लागला होता. मावशीनं सवयीनं मनगटाला कान लावला. घूं... घूं... घूं...

बरं वाटलं तिला.

आणि मग...

टण्ण.

पितळ मातीला लागल्याचा आवाज. दारातून. जिथं तिवई असायची तिथून.

मावशीनं मान वर केली. दारात काही नव्हतं. तिवईच्या पायांचे फरशीवर उमटलेले डाग तेवढे होते.

डुबुक...

पाण्यात ओगराळं बुडाल्याचा आवाज. ज्या घरात पाण्याचा टिपूस नाही, त्या घरात.

मग...

खर्र... टप.

खर्र... टप.

दारातून आत. खाटेकडे.

मावशीच्या कानाखालचं घूं घूं थांबलं.

ती आवाज शोधत राहिली. मनगट गरम होतं, पण आत काही वाजत नव्हतं. तिनं काकांच्या तोंडाकडं पाहिलं. डोळे मिटलेले. मान एका अंगाला कललेली. आणि दोन्ही हात हनुवटीखाली आलेले, जोडून, ओंजळ करून. नळाच्या गावात जन्मलेला माणूस, पेल्याशिवाय पाणी न प्यालेला.

ओंजळ रिकामी होती. पण घसा हलत होता.

घट्... घट्... घट्...

मावशीनं दोन्ही हातांनी ती ओंजळ फोडली. हात कोरडे होते. पण मे महिन्याच्या त्या भट्टीत ते थंडगार लागले, माठाच्या पोटाला हात लावावा तसे. काका दचकून जागे झाले. मनगट पुन्हा वाजायला लागलं.

"झाली का तहान?" मावशीनं विचारलं. स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना.

"झाली," काका म्हणाले, आणि रडायला लागले.

त्याच रात्री काकांना आडवं पडवेना. छातीत घरघर, तोंडाला फेस. कंपनीतल्या मित्रांनी टेंपोत घालून हॉस्पिटलात नेलं. हिंदुरावांनी झोपेतून उठून टब भरला. पहाटेपर्यंत मशीन चाललं तेव्हा श्वास लागला. डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, "फुप्फुसात असं पाणी असलं तर मुंबईला त्यांना टेबलावर घेणार नाहीत. भावाची किडनी असून उपयोग नाही. पुन्हा असं झालं तर इथवरही पोचतील की नाही, सांगता येत नाही."

परतताना बसमध्ये काकांनी तोंड उघडलं. खिडकीबाहेर पाहत बोलत होते.

"आई आहे ती."

"मला कळलं," मावशी म्हणाली.

"गावाकडं असताना, नवी नवरी असताना, ती विहिरीपासून लांब उभी राहायची. ओंजळ करून. कोणी वरून घातलं तर प्यायची. नाही घातलं तर उभी. एकदा उन्हातान्हात चालून आलेली, पोटुशी होती, कोंडीरामदादाच्या वेळेची. एका वाड्यापाशी पाणी मागितलं. बाई म्हणाली, पाणी नाही, पुढं हो. आई पडली तिथं. पाय त्या वेळी मोडला तिचा."

मावशीला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"त्या दारात ती पुन्हा गेली नाही. सोनं वाटत असते तरी गेली नसती. म्हणायची, ज्या दारात पाण्याला नाही म्हटलं, ते दार मला मेलं." काका थांबले. मग त्यांनी मावशीच्या तोंडाकडं पाहिलं. तिच्या तोंडावरची पानं त्यांनाही वाचता यायची. "प्रभा... ते नको. माझी शपथ आहे. ती मला पाजायला येते गं. तिला कसं कळणार किडनी काय आणि काय? मी मेलो तर मेलो, पण ते शब्द आईला माझ्या घरात नको."



दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी राहिली. उंबऱ्यावर, आडवी. पाठीमागं खाटेवर काका झोपेशी झगडत होते. तहान अशी की जीभ टाळ्याला चिकटलेली. डोळे मिटले त्यांचे शेवटी.

गल्ली सुनसान.

टण्ण.

तिच्या उजव्या पायापाशी. हातभरावर.

"आत्याबाई," मावशी म्हणाली.

आवाज थांबला.

मावशीनं आधी समजावून पाहिलं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिला रडू आवरेना. ती त्या रिकाम्या जागेला सांगत होती की अहो, त्यांच्या अंगातून पाणी निघत नाही. कैरीला मीठ लावतात तसं ते मशीन पाणी काढतं, पण थोडंच. तुम्ही पाजता ते त्यांच्या छातीत साठतं. थोडे दिवस थांबा. ऑपरेशन झालं की मी स्वतः तुम्हाला बोलावीन. हात जोडते, आत्याबाई.

डुबुक...

ओगराळं भरलं.

खर्र... टप.

थंड काहीतरी तिच्या खांद्याला घासून उंबऱ्यातून आत निघालं. मागं खाटेवर काकांचे हात सरकल्याचा आवाज आला. ओंजळ होत होती.

मग मावशीनं ते केलं.

ज्या बाईला तिनं बारा वर्षं आत्याबाई म्हटलं, अहो-जाहो केलं, जिच्यापुढं कधी आवाज चढवला नाही, तिला ती एकेरीत म्हणाली, "पाणी नाही. पुढं हो."

सगळं थांबलं.

पत्र्याची तडतडसुद्धा.

मग फरशीवर पाणी सांडल्याचा आवाज आला. पाणी दिसलं नाही. आणि पाऊल वळलं. खर्र... टप. तिच्या शेजारून बाहेर. पायऱ्या उतरून गल्लीत. खर्र... टप. खर्र... टप. लांब, आणखी लांब, नळाच्या कोपऱ्यापर्यंत.

काका जागे झाले होते. ते शब्द ऐकले होते त्यांनी. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि त्या दिवशी मावशीशी एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर काटा नीट बोलायला लागला. हिंदुरावांनी मावशीची पाठ थोपटली. "अशी शिस्त हवी, वहिनी." मावशीनं मान खाली घातली. जून संपताना मुंबईला ऑपरेशन झालं. भावाची किडनी अंगात रुळली. काका वाचले. डॉक्टरांनी घरी सोडताना हसत सांगितलं, "आता भरपूर पाणी प्यायचं. जितकं पिता येईल तितकं."

मावशीनं घरी आल्या आल्या गोजाबाईंकडून माठ आणला. घासला. काठोकाठ भरला. तिवई जुन्या जागी, ओगराळं वर. दुपार झाली तशी दारात उभी राहून हाक मारली. "आत्याबाई, या. चुकलं माझं. आता पाजा त्यांना, हवं तेवढं पाजा."

टण्ण झालं नाही.

ती वाट बघत राहिली. मग तिची नजर नळाकडं गेली...

नळापासून चार हात लांब कोणीतरी उभं होतं. उन्हात, पाठ वाकलेली, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. तोंड दिसत नव्हतं. हनुवटीखाली ओंजळ धरलेली. गोजाबाईंची सून शेजारून धुण्याची बादली घेऊन गेली, तिला काही दिसलं नाही.

मावशी तांब्या घेऊन धावली. जवळ गेली तसं ते मागं सरलं. तिनं दोन पावलं टाकली की ते दोन पावलं मागं. जेवढं अंतर होतं तेवढंच राहिलं. मावशीनं तिथूनच, लांबूनच, धार धरली. पाणी मातीत पडलं. माती ओली झाली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही.

मी हे ऐकलं ते एक्याऐंशी साली. काका तोवर कामावर जायला लागले होते, वजन बेतात, चेहऱ्यावर तेज. जेवताना तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचे. पण रविवारी घरी असले तरी दुपारी दाराकडं पाठ करून बसायचे. मावशी मात्र रोज त्या वेळी नळाकडं जायची. गल्लीतली माणसं म्हणायची, नवऱ्याच्या आजारपणानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्या दिवशी तिनं तांब्या माझ्या हातात दिला.

"तू घाल एकदा. तू काही बोलला नाहीस त्यांना. तुझ्या हातचं घेतील कदाचित."

मी शिकलेला माणूस. हसलो. पण तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि निघालो.

नळापाशी कोणी नव्हतं. मला तरी दिसलं नाही. मावशीनं उंबऱ्यातून खुणावलं तिथं उभा राहिलो आणि हळूहळू धार सोडली. ऊन मी म्हणत होतं. तरी माझ्या समोरून माठाजवळ येतो तसा गारवा येत होता. मी तांब्या आणखी पुढं केला.

खर्र...

एक पाऊल मागं सरलं.

तांब्या रिकामा होईपर्यंत मी ओतत राहिलो. सगळं पाणी मातीत गेलं. मी परत आलो. मावशीनं लांबूनच ती ओली माती पाहिली, माझ्या हातून तांब्या घेतला आणि पुन्हा भरायला माठाकडं वळली.